युती सरकारमध्ये निर्णय नेमका कोण घेतं? पालघर आणि बोईसर-तारापूरच्या उदाहरणातून समजून घ्या

मे २०१८. पालघर लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक लागली होती. भाजपचे खासदार चिंतामण वनगा यांचं त्या वर्षी जानेवारीत निधन झालं होतं. त्यांचे चिरंजीव श्रीनिवास वनगा शिवसेनेकडून उभे राहिले, तर भाजपने काँग्रेसमधून आलेल्या राजेंद्र गावितांना तिकीट दिलं. तेव्हा हे दोन्ही पक्ष केंद्रात आणि राज्यात एकाच सरकारमध्ये होते. मुंबईत एका टेबलावर बसणारे मंत्री पालघरमध्ये एकमेकांच्या विरोधात सभा घेत होते.

गावित साधारण साडेएकोणतीस हजार मतांनी जिंकले. पुढच्याच वर्षी युती झाली, पालघरची जागा शिवसेनेकडे गेली, गावितही शिवसेनेत गेले आणि पुन्हा खासदार झाले.

राजकारणाच्या गप्पांमध्ये हा किस्सा नेहमी निघतो. पण त्यात एक प्रश्न राहून जातो. सरकार दोन-तीन पक्षांचं असेल, तर बोईसरच्या कारखान्यात काम करणाऱ्या किंवा नवापूर-दांडीच्या किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्या माणसाने जाब विचारायचा कोणाला?

महाराष्ट्रात युती हाच नियम

विधानसभेत २८८ जागा आहेत. बहुमताचा आकडा १४५. एका पक्षाने स्वबळावर हा आकडा गाठला तो शेवटचा १९८५ मध्ये, काँग्रेसने. त्यानंतर कोणालाच ते जमलं नाही. २०१४ मध्ये भाजप १२२ वर थांबला, २०२४ मध्ये १३२ वर.

म्हणजे जवळपास चार दशकं महाराष्ट्राने एकाही पक्षाला एकट्याने राज्य करायला सांगितलेलं नाही. त्यामुळे "युती चांगली की वाईट" हा वाद घालून फारसं काही हाती लागत नाही. युती चालवायची कशी, हा खरा मुद्दा आहे.

एक कारखाना, पाच खाती

तारापूर औद्योगिक वसाहत ही राज्यातल्या मोठ्या रासायनिक वसाहतींपैकी एक. तिथे एखादी दुर्घटना झाली तर किती खाती कामाला लागतात ते बघा.

- जमीन, रस्ते, पाणी: एमआयडीसी, म्हणजे उद्योग खातं
- कारखान्यातली सुरक्षा: औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, म्हणजे कामगार खातं
- सांडपाणी आणि हवा: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, म्हणजे पर्यावरण खातं
- जखमींवर सरकारी दवाखान्यात उपचार: सार्वजनिक आरोग्य खातं
- आपत्तीनंतरची मदत: मदत व पुनर्वसन खातं

डिसेंबर २०२४ च्या खातेवाटपात यातलं उद्योग (उदय सामंत) आणि आरोग्य (प्रकाश आबिटकर) शिवसेनेकडे गेलं, कामगार (आकाश फुंडकर) आणि पर्यावरण (पंकजा मुंडे) भाजपकडे, तर मदत व पुनर्वसन (मकरंद पाटील) राष्ट्रवादीकडे. एक कारखाना, पाच खाती, तीन पक्ष.

एकाच पक्षाचं सरकार असतं तरी खाती पाचच असती. फरक इतकाच की तिथे मुख्यमंत्री थेट आदेश देऊ शकतात. युतीत मित्रपक्षाच्या मंत्र्याला हात लावायचा तर आधी त्याच्या पक्षप्रमुखाशी बोलावं लागतं. संविधानाच्या कलम १६४(२) नुसार मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकपणे जबाबदार असतं. प्रत्यक्षात मात्र सामूहिक जबाबदारी अनेकदा कोणाचीच जबाबदारी राहत नाही.

वेळ जातो कुठे?

२०१९ चा विधानसभा निकाल २४ ऑक्टोबरला लागला. मग युती तुटली, राष्ट्रपती राजवट आली, महाविकास आघाडी जन्माला आली. खातेवाटप झालं ते ५ जानेवारी २०२० ला. निकालापासून ७३ दिवसांनी. त्यानंतर सहाच दिवसांनी, ११ जानेवारीला, तारापूरच्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि किमान ८ जणांचा जीव गेला.

या स्फोटाला खातेवाटपातला उशीर कारणीभूत होता असं म्हणता येणार नाही. पण कारखान्यांची तपासणी ज्या खात्यांनी करायची, त्यांना पूर्णवेळ मंत्री मिळायला अडीच महिने लागले, ही वस्तुस्थिती आहे.

२०२२ मध्येही तेच. ३० जूनला शपथविधी झाला आणि ९ ऑगस्टपर्यंत अख्खं राज्य मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री असे दोघेच चालवत होते. २०२४ मध्ये निकाल २३ नोव्हेंबरला आणि पालकमंत्र्यांची यादी १८ जानेवारी २०२५ ला, म्हणजे ५६ दिवसांनी. त्यातही रायगड आणि नाशिकच्या नेमणुकांना दुसऱ्याच दिवशी स्थगिती मिळाली.

पालकमंत्रिपदासाठी एवढी ओढाताण का?

पालकमंत्री हा शब्द संविधानात नाही. जिल्हा नियोजन समिती मात्र आहे, कलम २४३-झेडडी मध्ये. महाराष्ट्राने तिचा कायदा १९९८ मध्ये केला. या समितीचे अध्यक्ष असतात पालकमंत्री. जिल्ह्याच्या वार्षिक योजनेतला पैसा कोणत्या रस्त्याला, शाळेला, आरोग्य केंद्राला जाणार, हे इथे ठरतं. पालकमंत्री नाही, तर बैठक लांबते. बैठक लांबली, तर मंजुऱ्या लांबतात.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. तेव्हापासून विष्णू सवरा, रवींद्र चव्हाण, दादाजी भुसे आणि गणेश नाईक यांनी हे पद सांभाळलं. यातले सवरा तेवढे जिल्ह्यातले. बाकीचे डोंबिवली, मालेगाव आणि नवी मुंबईचे. युतीच्या वाटपात जिल्हा कोणाच्या वाट्याला जातो, यावर हे ठरतं.

वाढवण: वाद मिटवायची जागाच नव्हती

डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील आहे. तिथल्या वाढवण बंदराचा प्रस्ताव नव्वदच्या दशकात डहाणू पर्यावरण संरक्षण प्राधिकरणापुढे अडला. २०१५ मध्ये तो पुन्हा वर आला. तेव्हा केंद्रात आणि राज्यात भाजप-शिवसेना सत्तेत होते, आणि बंदराविरोधात मच्छीमारांच्या बाजूने शिवसेनेचे स्थानिक नेतेही बोलत होते. सरकारची एक भूमिका, सरकारमधल्याच पक्षाची दुसरी.

पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राची तत्त्वतः मंजुरी, जुलै २०२३ मध्ये प्राधिकरणाची परवानगी, जून २०२४ मध्ये सुमारे ७६ हजार कोटींच्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये भूमिपूजन. बंदर हवं की नको, यावर मतभेद असू शकतात. पण मच्छीमाराच्या दृष्टीने बघा. ज्या पक्षाने विरोधाचं आश्वासन दिलं, तोच पक्ष सत्तेत. मग त्या आश्वासनाचं मोल काय? मित्रपक्षांनी सत्तेत बसतानाच ही भूमिका लिखित स्वरूपात स्पष्ट केली असती, तर लोकांना निदान कळलं असतं की आपली बाजू कोण कुठवर लढवणार आहे.

मग उपाय काय?

*१. लेखी कार्यक्रम, मुदतीसह.* २००४ मध्ये यूपीए सरकारने समान किमान कार्यक्रम लिहून काढला. रोजगार हमीचा केंद्रीय कायदा त्यातूनच २००५ मध्ये आला. माहितीचा अधिकारही त्याच वर्षीचा. म्हणजे युती सरकारं मोठी कामं करू शकतात. २०१९ मध्ये महाविकास आघाडीनेही असा कार्यक्रम जाहीर केला, पण कोणतं काम कोणत्या महिन्यापर्यंत, हे त्यात नव्हतं. जर्मनीत २०२१ मध्ये तीन पक्षांनी १७७ पानांचा करार केला. तरी ते सरकार २०२४ मध्ये अर्थसंकल्पाच्या वादावरून कोसळलं. थोडक्यात, कागद हवाच, पण नुसत्या कागदावर भागत नाही.

*२. वाद मिटवायची ठरलेली जागा.* २००८ मध्ये अमेरिकेसोबतच्या अणुकरारावरून डाव्यांनी यूपीएचा पाठिंबा काढला. तारापूरच्या अणुभट्ट्यांना १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर इंधनासाठी देशोदेशी फिरावं लागलं होतं, त्यामुळे हा करार इथल्या लोकांसाठी लांबचा विषय नव्हता. यूपीए आणि डाव्यांची समन्वय समिती होती, तरीही तुटलं. पण लोकांना निदान कोण कशासाठी वेगळं झालं, हे कळलं. समन्वय समितीच्या बैठका नियमित व्हाव्यात आणि त्यातले निर्णय जाहीर व्हावेत, एवढं तरी करता येईल.

*३. प्रश्नाला एक मालक.* तारापूरसारख्या वसाहतीसाठी उद्योग, कामगार आणि पर्यावरण या तीन मंत्र्यांची उपसमिती आणि तिच्या हाताखाली एकच जबाबदार अधिकारी. तपासणीचे अहवाल सगळ्यांना बघता येतील असे ऑनलाइन.

*४. खातेवाटप आणि पालकमंत्र्यांसाठी कालमर्यादा.* मुख्यमंत्र्यांसह जास्तीत जास्त ४३ मंत्री, हे कलम १६४(१-क) मुळे ठरलेलं आहे. ते किती दिवसांत नेमायचे, हे मात्र कुठेच ठरलेलं नाही.

*५. आधी लोकांना विचारा.* कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा, असं केंद्राने २०१४ मध्येच ठरवलं. मोठ्या प्रकल्पांच्या धोरणांनाही हीच सवय लागली, तर वाद रस्त्यावर येण्याआधी कागदावर येतील.

शेवटी मुद्दा हा

२१ ऑगस्ट २०२५ ला बोईसरच्या एका औषध कारखान्यात वायुगळती झाली. ४ कामगार गेले. २०२० नंतर मुख्यमंत्री दोनदा बदलले, युतीतले पक्ष बदलले, पक्षच फुटले. वसाहत तीच आहे आणि तिथल्या पाळीला जाणारे कामगारही तेच.

त्यामुळे पुढच्या वेळी युतीची पत्रकार परिषद बघताना कोणाला किती जागा आणि किती खाती मिळाली, एवढंच मोजू नका. आपल्या गावातल्या प्रश्नासाठी यातलं नेमकं कोण उत्तर देणार आहे, हेही विचारा.