राईचे नाते

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका मराठी घरी जेवायला बसलो होतो. पानात डावीकडे चोचवलेली काकडी, दही, दाण्याचे कूट, वर मोहरी-हिंगाची फोडणी. म्हणजे आपली कोशिंबीरच. आजी मात्र तिला 'रायता' म्हणाल्या.

हे लष्कर म्हणजे दौलतराव शिंद्यांची छावणी. १८१० साली किल्ल्याच्या दक्षिणेला पडली आणि तिचेच शहर झाले. शिंद्यांच्या फौजेशी आपलाही संबंध आहे. महादजींचे सेनानी आणि १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांची फौज घेऊन उतरलेले जिवबादादा केरकर हे आपल्या पेडण्यातील केरीचे.

रायते हा शब्द राईवरून, म्हणजे मोहरीवरून आला असे मानतात. आपल्या आंब्याच्या सासवाचे नावही मोहरीवरूनच. उत्तरेत बहुतेक ठिकाणी रायत्यात भाजलेले जिरे घालतात; या घरी मोहरीच तडतडली होती.

आजी माझ्याशी मराठीत बोलत होत्या, नातीशी हिंदीत. कोशिंबीर नातीने केली होती. तिच्या तोंडी मराठी उरली नाही, हातात मात्र आहे. पुढच्या पिढीला तेवढी पुरेल का, हा प्रश्न घेऊन मी गोव्याला परतलो.