शेवळंवाली कुठे बसणार?

मंडळी, मे महिन्याच्या सुट्टीत नातू आठ दिवस राहायला आला होता. तो आर्किटेक्चर शिकतो. कॉलेजने प्रकल्प दिलाय, 'छोट्या शहराच्या बाजारपेठेचे नूतनीकरण'. आजीच्या गोष्टी ऐकत वाढल्यामुळे स्वारीने जव्हार निवडले. जेवणाच्या टेबलावर नकाशा उलगडला. चारही कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या, तरी गुंडाळला जात होता.

नकाशा देखणा होता. बाजारातून सरळ रुंद रस्ता, दोन्हीकडे झाडे, मधे चौक, बसायला बाक. मी चष्मा पुसून दोनदा बघितला आणि विचारले, "अरे, शेवळंवाली कुठे बसणार?"

त्याने एका पिवळ्या चौकोनावर बोट ठेवले. "हा व्हेंडिंग झोन, आजी."

त्या पिवळ्या चौकोनाने मला तीन-चार रात्री झोप लागू दिली नाही. त्याचे कारण पुढे सांगते. आधी थोडा इतिहास (शिक्षिकेची खोड, जात नाही!).

मी १९७५ साली जव्हारला शिक्षिका म्हणून रुजू झाले, पुढे काही वर्षे मोखाड्याला होते. त्या वेळी हा सगळा ठाणे जिल्हा, पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. जव्हार म्हणजे महादेव कोळ्यांच्या मुकणे घराण्याचे संस्थान, सुमारे तीनशे चौरस मैलांचे. या राज्याच्या स्थापनेची दंतकथा इंग्रजांच्या गॅझेटियरमध्येही दिलेली आहे. मूळ पुरुष जयबा ऊर्फ पौपेरा याने इथल्या वारली राजाकडे फक्त एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली. एवढीशी मागणी, राजा हो म्हणाला. मग पौपेराने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या जोडून लांबच लांब दोरी केली आणि तिने घेरली ती सगळी जागा आपली म्हणून सांगितली. वारली राजाला बदल्यात गंभीरगडाकडचा मुलूख मिळाला.

वर्गात ही गोष्ट सांगताना मी चातुर्याची गोष्ट म्हणून सांगत असे आणि पोरे टाळ्या वाजवत. त्यातली निम्मी पोरे वारली होती, हे माझ्या तेव्हा ध्यानातच आले नाही. आता वाटते, जव्हारची पहिली नगररचना हीच. आखणारा दोरी लावतो, आधी तिथे असलेल्याला पर्यायी जागा देतात, आणि ती दूर असते.

१३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने या घराण्याला राजेपणाची मान्यता दिली. तिथून थेट विसाव्या शतकात येऊ, मधली सहाशे वर्षे पुन्हा कधीतरी. १९१८ साली, संस्थानी अमलातच, जव्हारला नगरपालिका झाली. १९४८ साली संस्थान विलीन झाले. २०११ च्या जनगणनेत जव्हार शहराची वस्ती सुमारे बारा हजार होती. म्हणजे नगरपालिका शंभरी ओलांडलेली आणि गाव अजून एकमेकांना ओळखणाऱ्यांचे.

तो १९१५-१८ चा काळच नगररचनेचा होता. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ साली सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. दाट वस्ती पाडायची, मधून रुंद रस्ता न्यायचा, म्हणजे वारा खेळेल आणि रोग जाईल, असा हिशेब. सँडहर्स्ट रोड त्यातूनच निघाला. पण ज्यांची घरे पडली त्यातले बरेच लोक लांब जाणार कुठे? काम तिथेच. ते शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहू लागले. पुढे १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला, देशातला पहिला.

त्याच सुमारास पॅट्रिक गेडीस हा स्कॉटिश गृहस्थ भारतात आला. मूळचा वनस्पतिशास्त्राचा माणूस. त्याचे शहरांविषयीचे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज १९१४ साली जर्मनांच्या 'एमडेन' युद्धनौकेने बुडवले, तरी बुवा डगमगला नाही, नवे प्रदर्शन उभे केले. इलाख्यातल्या गावांवर त्याने अहवाल लिहिले, त्यात ठाण्याचाही आहे. पुढे मुंबई विद्यापीठात तो समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. त्याची रीत अशी, की आधी गावातून पायी हिंडायचे, दिवसचे दिवस. कुठे लोक थांबतात, सावली कुठली, विहीर कुठे, ओटे कुठे, ते बघायचे. मग एखादे पडके घर काढायचे, एखादी गल्ली मोकळी करायची, बाकीच्याला हात लावायचा नाही. सरसकट रस्ता फाडण्यापेक्षा हे स्वस्तही पडते, हे तो आकडे मांडून दाखवी.

इंदूरची त्याची गोष्ट मला फार आवडते. होळकरांच्या इंदुरात तो शहराचा आराखडा करत होता आणि गावात प्लेगची भीती. त्याने दिवाळीच्या मिरवणुकीचा घाट घातला आणि जाहीर केले, की या वर्षी मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही, जे रस्ते लोकांनी सर्वांत जास्त झाडून-सारवून दुरुस्त केलेले असतील तिथून जाईल. झाले! सगळे गाव झाडायला लागले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचे मोठे सोंगही होते म्हणे.

सोंग म्हटले की मला मोखाड्याचा बोहाडा आठवतो. रात्रभर संबळाच्या तालावर देवादिकांची, राक्षसांची सोंगे मुखवटे घालून रस्त्याने नाचत येतात, पुढे जातात, पुन्हा मागे येतात. बायामुले दोन्हीकडच्या घरांच्या ओट्यांवर मांडी घालून बसलेली. माझाही एक ठरलेला ओटा होता, घरमालकीण घोंगडी अंथरून ठेवायची. रस्ता रुंद करताना पहिल्यांदा जातात ते हे ओटे. नकाशात ओटा म्हणजे अतिक्रमण.

आता माझी गोष्ट. पुढे माझी बदली दुसऱ्या एका गावी झाली. नाव लिहीत नाही. तिथे १९८४-८५ च्या सुमारास आम्ही शिकल्यासवरल्या मंडळींनी बाजारपेठ सुधारायचे मनावर घेतले. बाजाराच्या दिवशी शाळेच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसे. कागदपत्रे माझ्याकडे आली, कारण माझे अक्षर चांगले आणि भाषा बरी. 'शहराच्या सौंदर्यास बाधा आणणाऱ्या विक्रेत्यांस अन्यत्र हलवावे,' हे वाक्य माझे. मला त्याचा अभिमान वाटला होता.

अर्ज मंजूर झाला. विक्रेत्यांना ओढ्यापलीकडे मोकळी जागा मिळाली, आधीच्यापेक्षा मोठी. तिथे सहा महिन्यांत गवत वाढले.

पाड्यावरून येणारी बाई पहाटेची एस.टी. पकडून, डोक्यावर पाटी घेऊन यायची. थांब्याजवळ वडाखाली बसायची, कारण भरलेली पाटी घेऊन तिथपर्यंतच चालवते. अकरापर्यंत शेवळं, करवंदं, कंद जे असेल ते विकायची. समोरच्याच दुकानातून मीठ, तेल, शेजारणीकडून सुकट घ्यायची आणि दुपारच्या गाडीने परत. थांबा, सावली, दुकान आणि गाडीची वेळ, या चार गोष्टी मिळून तिची जागा होत होती. आम्ही तिला फक्त जमीन दिली.

त्यातल्या एकीची मुलगी माझ्या सातवीच्या वर्गात होती, गावात मावशीकडे राहायची. आई बाजाराच्या दिवशी येऊन तांदूळ आणि दोन-चार रुपये देऊन जाई. आईचे येणे थांबले. दिवाळीनंतर मुलगी आली नाही. हजेरीपटावर तिच्या नावापुढे मी गैरहजर, गैरहजर असे लिहीत गेले, आणि मार्चमध्ये नाव कमी केले, त्याच चांगल्या अक्षरात.

हे मी आजवर घरात कोणाला सांगितले नव्हते. नातवाला सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला, मग लॅपटॉपवर काहीतरी शोधून मला २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा वाचून दाखवला. त्यात पन्नास वर्षांहून जुन्या बाजारांना वारसा बाजार म्हणून जाहीर करून तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असे म्हटले आहे. समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, आणि त्यांत एक तृतीयांश बायका. तीस वर्षे उशिरा झाला म्हणायचा! अर्थात कायदा असणे आणि तो बाजारापर्यंत पोहोचणे यातले अंतर तुम्हा आम्हाला ठाऊक आहे.

माझे म्हणणे सगळे जसेच्या तसे ठेवा असे मुळीच नाही. गटारे हवीत, दिवे हवेत, बाजाराला येणाऱ्या बायकांसाठी स्वच्छतागृह तर सर्वांत आधी हवे (आमच्या त्या अर्जात त्याचा उल्लेखही नव्हता). आणि नवे गाव नव्या जागी वसवायचे तर पट्टीने रेघ मारायला हरकत नाही. पालघरला सिडकोने जिल्ह्याचे मुख्यालय मोकळ्या जमिनीवर बांधले, २०२१ साली त्याचे उद्घाटन झाले. मुख्यालय जव्हारला व्हावे अशी इथल्या लोकांची मागणी होती, ती काही पुरी झाली नाही. पण जुन्या बाजारात रेघ मारायची तर आधी पायी हिंडावे लागते.

म्हणून जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर आम्ही दोघे जव्हारला गेलो. माझे गुडघे एस.टी.च्या पायऱ्यांना कुरकुरले, पण गेलो. नातू वही घेऊन सकाळी सातपासून बाजारात. कोण कुठे बसले, कुठून आले, कुठल्या गाडीने जाणार, काय विकून काय घेतले. पहिली दोन तास कोणी त्याच्याशी धड बोलेना, सरकारी माणूस वाटला असणार. मग मी मधे पडले.

एका बाईकडे शेवळं होती. मी भाव विचारला, तिने सांगितला, मी तेवढेच दिले. पिशवीत घालणार तेवढ्यात ती म्हणाली, "आणि काकडं, बाई? नायतर घसा खाजंल."

काकडं तिच्या शेजारणीकडे होती. नातवाने वहीत दोघींना एका रेघेने जोडले.