द्रवचालित ब्रेक : दोषनिदानाचा इतिहास

मोटारगाडीच्या पेडलावर पायाने दिलेला दाब बंदिस्त द्रवामार्फत चाकांपर्यंत पोहोचवून गाडीची गती रोखणारी यंत्रणा म्हणजे द्रवचालित ब्रेक होय. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, या ब्लेझ पास्काल यांच्या १६६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तत्त्वावर ती आधारलेली आहे. पेडल दाबल्यावर प्रमुख सिलिंडरातील दट्ट्या द्रव पुढे ढकलतो आणि चाकांजवळील दट्टे अस्तर लावलेले शू ड्रमवर दाबतात. दाबाची ही समानता हा यंत्रणेचा गुण आहे. तथापि एका ठिकाणी गळती झाल्यास दाब सर्वत्र नाहीसा होतो, हा त्याच गुणाचा परिणाम होय. शिवाय पुष्कळसे दोष बाहेरून दिसत नाहीत. त्यामुळे या ब्रेकच्या विकासाचा इतिहास हा बऱ्याच अंशी लपलेला दोष अपघातापूर्वी उघड करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

आरंभीच्या गाड्यांतील ब्रेक दांडे किंवा तारदोर यांनी चालत. त्यांतील झीज व सैलपणा डोळ्यांना दिसे. परंतु सर्व चाकांवर सारखा दाब राखणे अवघड असे. अमेरिकेतील माल्कम लॉकहीड यांनी १९१७ मध्ये द्रवचालित ब्रेकचे पेटंट घेतले. १९२१ मधील ड्यूसेनबर्ग गाडीत आणि १९२४ मधील क्राइस्लर गाडीत चारही चाकांना असे ब्रेक बसविण्यात आले. लॉकहीड यांच्या मूळ रचनेतील कच्च्या चामड्याचे कप गळत असत, म्हणून क्राइस्लरच्या अभियंत्यांनी त्यांऐवजी रबरी कप वापरले. फोर्ड गाड्यांनी मात्र १९३९ च्या प्रतिमानापर्यंत यांत्रिक जोडणी सोडली नाही.

एकाच मंडलाच्या या ब्रेकमध्ये निदानाचे प्रमुख साधन म्हणजे पेडलाची चाल. पेडल मऊ लागते व लागोपाठ दाबल्यावर घट्ट होते, तेव्हा नळ्यांत हवा असण्याचा संभव असतो. स्थिर दाबाखाली ते हळूहळू खाली जात असेल व बाहेर गळती नसेल, तर प्रमुख सिलिंडरातील कप झिजलेला असतो. गाडी एका बाजूस ओढली जाणे, हे अडकलेल्या दट्ट्याचे किंवा तेलकट अस्तराचे चिन्ह होय. खनिज तेल चुकून मिसळल्यास रबरी कप फुगतात, द्रव परत येण्याचे छिद्र झाकले जाते आणि पेडल सोडल्यावरही ब्रेक सुटत नाहीत. लवचिक नळी आतून सुजल्यासही असेच घडते. नळी बाहेरून मात्र निर्दोष दिसते.

जॅग्वार संघाने १९५३ मध्ये ल मां येथील शर्यत तबकडी ब्रेक वापरून जिंकली व त्यानंतर या प्रकाराचा प्रसार झाला. त्यात घर्षणाची उष्णता द्रवापर्यंत सहज पोहोचते, म्हणून द्रवाच्या उकळबिंदूला महत्त्व आले. ग्लायकॉलयुक्त द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो. डॉट ३ प्रतीच्या द्रवाचा किमान उकळबिंदू कोरड्या स्थितीत २०५° से. असतो, तर ओलसर स्थितीत तो १४०° से. एवढाच मानला जातो. दीर्घ उतारावर द्रव उकळून वाफ झाली की वाफ दाबली जाते, दाब चाकांपर्यंत पोहोचत नाही आणि पेडल तळाला जाते. गाडी थंड झाल्यावर पेडल पूर्ववत होते; परिणामी कार्यशाळेतील वरवरच्या तपासणीत दोष आढळत नाही. अशा वेळी द्रवाचा उकळबिंदू मोजणे किंवा द्रव बदलणे आवश्यक ठरते. कोकणातील दमट हवा आणि सह्याद्रीतील घाटरस्ते यांमुळे महाराष्ट्रात या तपासणीचे महत्त्व अधिक आहे.

एका गळतीने सर्व ब्रेक निकामी होऊ नयेत म्हणून दुहेरी मंडलाची पद्धत पुढे आली. कॅडिलॅक गाड्यांत ती १९६२ मध्ये आली आणि १९६८ पासून अमेरिकेतील नव्या प्रवासी मोटारगाड्यांना ती सक्तीची झाली. तथापि एक मंडल बंद पडले तरी गाडी थांबत असल्याने चालक दोषाकडे दुर्लक्ष करण्याचा धोका निर्माण झाला. त्यासाठी इशारा देणारा दिवाही बंधनकारक करण्यात आला. बॉशने विकसित केलेली चाक जखडू न देणारी इलेक्ट्रॉनिकीय यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीज-बेंझ गाडीत उपलब्ध झाली. अशा यंत्रणा आपल्या विद्युत् मंडलांची स्वतःच चाचणी घेतात व पुढील काळात त्या दोषांची सांकेतिक नोंदही ठेवू लागल्या.

तरीही सुजलेली नळी, कपाची झीज वा द्रवातील ओलावा यांची नोंद या यंत्रणांत सामान्यतः होत नाही. दिवा न लागणे म्हणजे ब्रेक निर्दोष असणे नव्हे. पेडलाची चाल, द्रवाची पातळी व अवस्था, अस्तरांची जाडी आणि नळ्या यांची ठराविक मुदतीने प्रत्यक्ष तपासणी करणे म्हणूनच आजही अपरिहार्य आहे.