कात्रजचे पाणी

शहराचे पाणी समजून घ्यायला इंजिनियर व्हावे लागत नाही. पाणी उताराकडे धावते एवढे ठाऊक असले म्हणजे पुष्कळ झाले. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास याच ज्ञानावर पुण्याला पाणी पाजले. कात्रजच्या डोंगराखाली पावसाचे पाणी अडविले आणि जमिनीखालून बांधीव नळाने सुमारे ८ किलोमीटरांवरच्या शनिवारवाड्यापर्यंत आणले. ना वाफ, ना पंप! कात्रज उंच आणि शहर सखल, एवढेच भांडवल.

उतार मात्र बेताचा हवा. फार दिला तर धावते पाणी बांधकाम खाते; कमी दिला तर गाळ बसतो आणि नळ तुंबतो. म्हणून वाटेत ठिकठिकाणी उंच धुराड्यांसारखे उच्छ्वास उभारले. कोंडलेली हवा त्यांतून बाहेर पडे. नाव ठेवणारा मोठा रसिक असला पाहिजे! पुढे हेच पाणी पेठांतल्या हौदांत पडे. काळा हौद, बदामी हौद ही नावे पुणेकरांच्या तोंडी अजून आहेत.

पण उतार पाण्याला हौदापर्यंतच नेतो. तिथून घागरीपर्यंतची वाट माणसे ठरवीत, आणि अस्पृश्यांच्या घागरीला तिथे मज्जाव होता. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला. त्यासाठी नवे धरण बांधावे लागले नाही, की नवा नळ घालावा लागला नाही.