हवापालटाची परीक्षा

मराठी घरांत ‘हवापालट’ हा शब्द आज सहलीच्या बेतात येतो. मुलांना सुट्टी लागली की चार दिवस महाबळेश्वरला किंवा कोकणात जाऊन यायचे, एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. शंभर वर्षांपूर्वी तोच शब्द दबक्या आवाजात उच्चारला जाई. वैद्यांनी किंवा डॉक्टरांनी ‘हवापालट करून पाहा’ असे सुचविले, की ऐकणाऱ्याच्या मनात पुढचा अनुच्चारित शब्द उमटे : क्षय. त्या रोगावर औषध नव्हते. सल्ले मात्र उदंड होते. उंचावरच्या कोरड्या हवेत राहावे, अंथरुणावर पडून राहावे, दूध, तूप, अंडी यांचा खुराक ठेवावा, शेळीचे दूध प्यावे, जमल्यास शेळ्यांच्या कळपाजवळच निजावे. रोग्याचे ताट, वाटी, तांब्या वेगळा ठेवावा. आणि ज्या घराण्यात क्षय झाला त्या घराण्यात मुलगी देऊ नये. यांतले काही सल्ले आयुर्वेदाच्या ग्रंथांतून आले होते, काही युरोपातील डॉक्टरांकडून, तर काही निव्वळ भीतीतून जन्मले होते. त्यांतले टिकाऊ कोणते आणि टाकाऊ कोणते, याची जी परीक्षा जगभरच्या डॉक्टरांचे मत बदलून गेली, ती दमट आणि उकाड्याच्या मद्रास शहरातील दाटीवाटीच्या वस्त्यांत झाली.

महाराष्ट्राला या रोगाची ओळख फार जुनी. थोरले माधवराव पेशवे १७७० मध्ये कर्नाटकच्या मोहिमेवर निघाले, परंतु प्रकृतीने साथ न दिल्यामुळे त्यांना मागे फिरावे लागले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे, चिंतामणीच्या सान्निध्यात, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी राजयक्ष्म्याने त्यांचा अंत झाला. राज्यातील उत्तमातले उत्तम अन्न, हवा आणि वैद्य ज्यांना उपलब्ध होते, त्यांची ही कथा. ‘राजयक्ष्मा’ या नावामागे चंद्राची आख्यायिका आहे. दक्षाच्या सत्तावीस कन्यांपैकी एकट्या रोहिणीवर चंद्र आसक्त झाला, म्हणून सासऱ्याच्या शापाने त्याला क्षय जडला. चरकसंहितेत राजयक्ष्म्याच्या चिकित्सेचा अध्यायही याच कथेने सुरू होतो. कथा रम्य आहे. पण तिने रोग्याच्या माथी एक आरोपही मारला. ज्याला क्षय झाला त्याचे काहीतरी चुकलेच असणार, ही समजूत रोगापेक्षा चिवट ठरली.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. हा रोग घराण्याच्या रक्तातून उतरत नाही आणि शापानेही होत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस निघाल्या. १८८६ मध्ये पदवी घेऊन, कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक हाती असताना त्या परतल्या त्या क्षयानेच खंगून. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. जंतू कळला होता. उपाय कळला नव्हता. या दोन शोधांमध्ये साठ वर्षांहून अधिक काळ गेला आणि त्या पोकळीत हवापालटाचे साम्राज्य उभे राहिले.

त्या साम्राज्याच्या राजधान्या म्हणजे सॅनिटोरियमे. पाचगणीला १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी ‘बेल एअर’ उभारले. मिरजेच्या मिशनरी डॉक्टरांनीही क्षयरुग्णांसाठी स्वतंत्र आरोग्यधाम काढले. मद्रासजवळ हे काम डॉ. डेव्हिड चौरी मुथू या डॉक्टरांनी केले. इंग्लंडमधील मेंडिप टेकड्यांवर त्यांचे स्वतःचे सॅनिटोरियम होते. तेथे १९१७ मध्ये एक भारतीय रुग्ण येऊन राहिला : श्रीनिवास रामानुजन. १९१४ मध्ये ज्या जहाजाने रामानुजन विलायतेला गेले, त्याच जहाजावर चौरी मुथू त्यांचे सहप्रवासी होते. रामानुजन यांच्या आजाराचे निदान तेव्हा क्षय असे झाले होते. त्या निदानाविषयी पुढे अभ्यासकांनी शंका घेतली, हा भाग निराळा. १९१९ मध्ये मायदेशी परतल्यावरही त्यांचा हवापालट थांबला नाही. मद्रासहून कावेरीकाठच्या कोडुमुडीला, तेथून कुंभकोणमला, आणि अखेरीस पुन्हा मद्रासला. २६ एप्रिल १९२० रोजी त्या शहराच्या चेटपेट भागात त्यांनी शेवटचा श्वास घेतला. चेटपेट हे नाव पुढे पुन्हा यायचे आहे.

चौरी मुथू यांनी १९२८ मध्ये ताम्बरमला आरोग्यधाम सुरू केले आणि १९३७ मध्ये ते सरकारने ताब्यात घेतले. ताम्बरमच्या अलीकडे लोकल गाड्यांचे जे स्थानक आहे, त्याचे नाव आजही ‘ताम्बरम सॅनिटोरियम’ असेच आहे. त्याच्या ईशान्येला, पल्लीकरणैच्या विस्तीर्ण पाणथळीपलीकडे पेरुंगुडी. माहिती तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांमुळे भारतभरची माणसे, त्यांत मराठी कुटुंबेही, आज या भागात येऊन स्थिरावली आहेत. परंतु विसाव्या शतकाच्या मध्याला पेरुंगुडी हे चेंगलपट्टू जिल्ह्यातील एक गाव होते. चेन्नई महानगरपालिकेत ते २०११ मध्ये आले. एका बाजूला बकिंगहॅम कालवा, पलीकडे समुद्र, दुसऱ्या बाजूला पक्ष्यांनी भरलेली पाणथळ : ‘गावाकडची मोकळी हवा’ म्हणून डोळे मिटून शिफारस करावी असेच ते ठिकाण. पुढे त्याच पाणथळीच्या कडेला शहराने आपला कचरा ओतला, तेव्हा ती शिफारसही संपली.

पण मोकळी हवा खरोखर क्षयापासून वाचवत होती काय? क्षय हा गिरण्या-चाळींचा, शहरांचा रोग आणि खेडी त्यापासून सुरक्षित, असा सार्वत्रिक समज होता. १९५५ ते १९५८ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर क्षयाची नमुना-पाहणी केली. तीत खेड्यांतील क्षयाचे प्रमाण शहरांपेक्षा फारसे वेगळे आढळले नाही. हवेचा पहिला पराभव तो.

आता प्रश्न उरला तो उपचाराचा. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आणि ‘पास’ ही औषधे आली, १९५२ मध्ये आयसोनियाझिडचे सामर्थ्य कळले, आणि क्षय प्रथमच बरा होऊ लागला. डॉक्टर मात्र अद्याप म्हणत की औषधाला विश्रांतीची, खुराकाची आणि चांगल्या हवेची जोड हवीच. त्यासाठी रोगी सॅनिटोरियमातच हवा. भारतात रुग्ण लाखांनी होते आणि खाटा काही हजार. हा सल्ला खरा असेल, तर औषध हाती असूनही बहुसंख्य रुग्णांना मरू देण्यावाचून गत्यंतर नव्हते. तो खोटा असेल, तर खाटेची वाट पाहत गेलेला प्रत्येक दिवस व्यर्थ होता.

याचा निकाल लावण्यासाठी १९५६ मध्ये मद्रासच्या चेटपेटमध्ये क्षयरोग औषधोपचार केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा तो संयुक्त उपक्रम होता. संशोधनाचे नेतृत्व डॉ. वॉलेस फॉक्स यांच्याकडे होते. प्रयोगाची रचना साधी आणि म्हणूनच कठोर होती. शहरातील गरीब वस्त्यांतून १९३ क्षयरुग्ण निवडले गेले. कोण घरी राहणार आणि कोण सॅनिटोरियमात जाणार, हे डॉक्टरांच्या पसंतीने किंवा रुग्णाच्या ऐपतीने न ठरवता, चिठ्ठी काढावी तसे यदृच्छेने ठरविले गेले. दोन्ही गटांना तीच औषधे, आयसोनियाझिड आणि पास, वर्षभर देण्यात आली. बाकी सर्व बाबतींत दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. एकाला स्वच्छ खाट, परिचारिका, सक्तीची विश्रांती आणि सकस जेवण. दुसऱ्याला एका खोलीत सगळे कुटुंब, जेमतेम पोटापुरते अन्न, आणि थोडी ताकद येताच पुन्हा कामाला जुंपणे.

वर्षअखेरीस सॅनिटोरियमातील रुग्णांचे वजन घरच्यांपेक्षा अधिक वाढलेले दिसले. गालांवर तेज आले म्हणजे रोग हटला, असे मानणाऱ्यांचा येथे हमखास गैरसमज झाला असता. परंतु थुंकीची तपासणी निराळेच सांगत होती. जंतू नाहीसे होण्यात सॅनिटोरियमवाले किंचित पुढे होते, पण फरक अगदी थोडा होता. घरी राहिलेल्यांपैकीही बहुतेकांचा रोग आटोक्यात आला होता. पाच वर्षांपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला, तेव्हा हे उरलेसुरले अंतरही राहिले नाही. १९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात हा अहवाल प्रसिद्ध झाला. औषध पुरेसे आणि नियमित मिळाले, तर हवा, विश्रांती, परिचर्या आणि खुराक यांची उणीव रुग्ण बरा होण्याच्या आड येत नाही, असे त्याचे सांगणे होते. ज्यांनी आयुष्यभर रुग्णांना महिनोन्महिने खाटेवर निजवले होते, त्या डॉक्टरांना हे वाचताना काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

याहूनही महत्त्वाचा प्रश्न घरातल्या लेकरांचा होता. क्षयी माणूस घरी ठेवला तर तो सगळ्यांना रोग देईल, ही भीती अंधश्रद्धा म्हणून उडवून लावण्याजोगी नव्हती. क्षय खरोखरच संसर्गजन्य आहे. म्हणून मद्रासच्या संशोधकांनी दोन्ही गटांतील रुग्णांच्या कुटुंबीयांचीही वर्षानुवर्षे तपासणी केली. घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबांत रोगाचे प्रमाण सॅनिटोरियममधील रुग्णांच्या कुटुंबांपेक्षा जास्त निघाले नाही. कारण उघड होते. निदान होण्यापूर्वीच, खोकत काढलेल्या महिन्यांत, घरच्यांना जो संसर्ग व्हायचा तो होऊन गेलेला असतो. औषध सुरू झाल्यावर रुग्णाची संसर्गक्षमता झपाट्याने ओसरते. आणि हा जंतू पसरतो तो खोकल्यातून हवेत गेलेल्या सूक्ष्म तुषारांवाटे. ताट, वाटी आणि तांब्या यांचा त्यात काही वाटा नाही. कितीतरी सासुरवाशिणींना ज्या कारणासाठी ओसरीच्या कोपऱ्यात वेगळे जेवायला बसविले गेले, किंवा कायमचे माहेरी धाडले गेले, ते कारणच खोटे होते.

मद्रासच्या केंद्राला आणखी एक अडचण ध्यानात आली, जी कोणत्याही आजीच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यात नव्हती. पास हे औषध दिवसाला कित्येक ग्रॅम घ्यावे लागे. त्याची चव वाईट आणि पोटाला त्रास निराळा. दोन-तीन महिन्यांत खोकला थांबे, ताप जाई, आणि बरे वाटू लागलेला माणूस गोळ्या फळीवर ठेवून देई. संशोधकांनी अवचित घरी जाऊन गोळ्या मोजल्या, लघवीची तपासणी केली, तेव्हा ‘नियमित घेतो’ असे सांगणारे अनेकजण घेत नसल्याचे कळले. मग आरोग्यसेवकाच्या देखत औषध गिळायचे, ही पद्धत याच शहरात तपासून पाहिली गेली. पुढे ‘डॉट्स’ या नावाने जगभर जी उपचारपद्धती गेली, तिची मुळे येथे आहेत. १९६२ मध्ये भारताचा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम घरगुती उपचाराच्या पायावरच उभा राहिला आणि सॅनिटोरियमांचे दिवस सरले.

ही परीक्षा केवळ पारंपरिक समजुतींनाच द्यावी लागली असे नाही. ज्या बीसीजी लशीची खूण आजच्या बहुतेक पालकांच्या दंडावर आहे, तिचीही कसोटी पेरुंगुडीच्या त्या वेळच्या चेंगलपट्टू जिल्ह्यातच, तिरुवळ्ळूरच्या बाजूला, १९६८ पासून घेण्यात आली. प्रौढांना फुप्फुसाच्या क्षयापासून ती वाचवीत नाही, हा निष्कर्ष आधुनिक वैद्यकाला पचवावा लागला. अर्भकांना होणाऱ्या क्षयाच्या भयंकर प्रकारांपासून, विशेषतः मेंदूच्या आवरणाच्या क्षयापासून, ती संरक्षण देते. म्हणून ती आजही दिली जाते.

आणि खुराकाचे काय? १९५९ नंतर कित्येक वर्षे, क्षयात आहाराला महत्त्व नाही, असा सोयीस्कर अर्थ मद्रासच्या प्रयोगातून काढला गेला. प्रयोगाने तसे म्हटले नव्हते. औषध घेणारा रुग्ण साध्या अन्नावरही बरा होतो, एवढेच त्याने दाखविले होते. निरोगी माणसाला क्षय होण्यापासून अन्न वाचवते का, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नव्हता. तो विचारला गेला साठ वर्षांनी, झारखंडमध्ये. २०१९ ते २०२२ या काळात २,८०० रुग्णांच्या घरांतील १०,३४५ कुटुंबीयांचा अभ्यास झाला. सर्व रुग्णांना शिधा मिळाला. निम्म्या गटात कुटुंबीयांनाही दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या देण्यात आल्या. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शिधा मिळालेल्या कुटुंबीयांत क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, तर फुप्फुसाच्या संसर्गजन्य क्षयाचे ४८ टक्क्यांनी कमी झाले. ज्या रुग्णांचे वजन सुरुवातीच्या महिन्यांत वाढले, त्यांच्यात मृत्यूही कमी आढळले.

‘पोटभर खा, अंगावर मूठभर मांस येऊ दे’ असे सांगणारी आजी अशा रीतीने निम्म्याहून अधिक बरोबर ठरली. तिच्या सल्ल्याला औषधाची जोड तेवढी कमी पडत होती. क्षयरुग्णाला आहारासाठी सरकारकडून २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली. चेटपेटचे केंद्र आता राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था झाले आहे आणि ताम्बरमचे आरोग्यधाम छातीच्या विकारांचे मोठे सरकारी रुग्णालय. हवापालटासाठी तेथे आता कोणी येत नाही. घरातल्या खोकणाऱ्या माणसाचे वेगळे ताट मात्र पुष्कळ घरांत, शिकल्यासवरल्या घरांतसुद्धा, अजून निमूटपणे मांडले जाते.