खाडीपलीकडचे वांद्रे

वांद्र्याच्या हिल रोडवरील दुकानांची झगमग आणि मोटारींची दाटी मागे टाकून जो पाहुणा रणवारच्या पाखाडीत, म्हणजे जुन्या गावठाणाच्या वस्तीत, वळतो, त्याला पन्नास पावलांच्या आत आपण निराळ्याच काळात येऊन पोहोचलो असे वाटू लागते. बाहेरच्या अंगाने वर चढणारा लाकडी जिना, मंगलोरी कौलांचे उतरते छप्पर, खिडक्यांच्या झडपा, ओटीवर टाकलेली वेताची खुर्ची, आणि चव्हाट्यावर चुन्याने रंगविलेला क्रूस. त्याच्या गळ्यात झेंडूची माळ, पायाशी विझत आलेली मेणबत्ती. त्या कौलांच्या मागे आकाश झाकून उभी असलेली बहुमजली इमारत, जिच्यातील एका खोलीच्या किमतीत एके काळी अख्खी पाखाडी विकत मिळाली असती, ती मात्र याच भूमीवर उभी असूनही येथली वाटत नाही. मुंबईच्या सधन उपनगरांत वांद्र्याचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते खरे. परंतु ‘उपनगर’ ही संज्ञा फोर्टातल्या कचेरीत बसून उत्तरेकडे पाहणाऱ्याची आहे. पाखाडीतील माणसाच्या लेखी हे गाव, आणि खाडीपलीकडचे ते शहर. म्हणूनच उपनगरांतील जुनी माणसे बोरीबंदरला निघाली म्हणजे ‘मुंबईला जाऊन येतो’ असे म्हणत.

या बोलण्याला इतिहासाचा आधार आहे. १६६१ च्या विवाहाच्या करारान्वये मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाले, पण वांद्रे ज्या बेटावर वसले आहे ती साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली; त्यामुळे माहीमची खाडी ही केवळ दोन बेटांमधील पाण्याची पट्टी न राहता दोन राज्यांची सरहद्द झाली. बंदर या शब्दावरून आले असे मानले जाणारे आणि पोर्तुगीज दप्तरांत ‘बांदोरा’ म्हणून नोंदलेले हे गाव त्या काळी जेझुइट पाद्र्यांचे ठाणे होते. सेंट अँड्र्यूचे देवालय सोळाव्या शतकातले. भूशिरावरील आग्वाद हा किल्ला १६४० चा. जहाजांना गोडे पाणी पुरविणाऱ्या झऱ्यावरून त्याला ते नाव पडले. पलीकडे माहीमला इंग्रजांचा किल्ला, अलीकडे पाद्र्यांच्या तोफा, आणि मधल्या पाण्यात जकातीच्या हक्कावरून सतत कलागती, असा हा शेजार होता. पुढे चिमाजीअप्पांच्या मोहिमेत १७३७ साली ठाणे व १७३९ साली वसई मराठ्यांच्या हाती आली, तेव्हा पाद्र्यांचे हे मजबूत मठ शत्रूला आयते बुरूज होतील या धास्तीने, मुंबईकर इंग्रजांच्या सल्ल्यावरून, वांद्र्याचे सेंट अ‍ॅन विद्यालय पाडून टाकण्यात आले. जे गाव आज मुंबईचे भूषण म्हणून मिरवते, त्याची पडझड एकदा मुंबईच्याच रक्षणासाठी झाली होती. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली व १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांच्या कबजावर शिक्कामोर्तब झाले. सरहद्द अशा रीतीने कागदावरून पुसली गेली.

पाण्यावर मात्र ती आणखी साठ वर्षे टिकली. साष्टीची भाजी, तांदूळ, ताडी, मासळी ही सारी तरीतून माहीमला उतरत असे, आणि पावसाळ्यातील उधाणाच्या दिवसांत खाडी होड्या गिळीत असे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये या कामी दिले आणि १८४५ साली माहीम व वांद्रे जोडणारा बांध रहदारीस खुला झाला. वाटसरूकडून या रस्त्यावर टोल घेऊ नये, अशी त्यांची अट असल्याचे सांगतात. एका स्त्रीच्या दानाने जे साधले ते एवढेच नव्हे की भाजीवाली कोरड्या पायांनी बाजारात पोहोचली. तिच्याच वाटेने, उलट दिशेने, शहरातील श्रीमंताची बग्गी वांद्र्याला येऊ लागली. ही दुसरी वाहतूक बांध मागणाऱ्यांच्या हिशेबात फारशी नसावी. वांद्र्याचे भवितव्य मात्र तिनेच ठरविले.

आरंभी हा श्रीमंत हवापालटासाठी येई. समुद्राचा वारा, पाली टेकडीवरची झाडी, खाली भातखाचरांचा हिरवा पट्टा. एखादा गोरा अंमलदार किंवा पारशी शेठ टेकडीवर बंगला बांधी, उन्हाळा काढी आणि परत जाई. १८६७ च्या एप्रिलात विरारहून मुंबईपर्यंत बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची गाडी नित्य धावू लागली, आणि रात्री वांद्र्यात झोपून दिवसा फोर्टात काम करणे शक्य झाले. १८७६ साली गावाला स्वतःची नगरपालिका मिळाली. मात्र शहराने वांद्र्याकडे केवळ शोभाच धाडली असे नाही. आपल्या वेशीत नकोसा झालेला कत्तलखानाही त्याने याच शतकात वांद्र्यात आणून ठेवला, आणि तो १९७१ साली देवनारला हलेपर्यंत टेकडीवरील बंगल्यांची हवा आणि स्थानकाजवळची दुर्गंधी एकाच गावाच्या पत्त्यावर नांदत होती.

१८९६ साली मुंबईच्या मांडवीत प्लेगने डोके वर काढले आणि उत्तरेकडील मोकळ्या हवेचे मोल एकाएकी वाढले. प्लेग वांद्र्यालाही चुकला नाही. पाखाड्यांच्या नाक्यानाक्यांवर दिसणाऱ्या क्रूसांपैकी कित्येक त्या भीतीच्या दिवसांत नवसाने उभारलेले आहेत. परंतु दाट चाळींतून सुटू पाहणाऱ्या मध्यमवर्गाची दृष्टी एकदा साष्टीकडे वळली ती वळलीच. १९१५ च्या नगररचना कायद्याने शेतांच्या वेड्यावाकड्या तुकड्यांचे चौकोनी भूखंड पाडण्याची सोय केली. वांद्र्याच्या पत्त्यांत अजून येणारे ‘टी. पी. एस.’ (टाउन प्लॅनिंग स्कीम) हे अक्षरत्रय म्हणजे बुजलेल्या भातखाचरांचा जणू सातबारा होय. १९१८ साली साष्टीतील कॅथलिकांची सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. १९२० साली ठाण्यापासून अलग काढलेल्या मुंबई उपनगर जिल्ह्याची कचेरी वांद्र्यास आली. १९२८ च्या जानेवारीत कुलाब्याहून बोरिवलीपर्यंत विजेची गाडी सुरू झाली, आणि १९५० साली वांद्रे मुंबईच्या महापालिकेत सामील होऊन त्याची स्वतंत्र नगरपालिका इतिहासजमा झाली.

या साऱ्या स्थित्यंतरात मूळचा गावकरी कोठे होता? तो कोळी, कुणबी, भंडारी अशा नाना जातींतून पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेला, घरी मराठी बोलणारा, भातशेती आणि ताडाची झाडे राखणारा. गोवा व मंगळूर येथील ख्रिस्ती लोक नोकरीसाठी मुंबईत येऊ लागले, तेव्हा त्यांच्याहून आपण वेगळे व कंपनी सरकारचे जुने रयत आहोत हे ठसविण्यासाठी, १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाचा मुहूर्त साधून, या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव अधिकृतपणे धारण केले. ज्याच्या पूर्वजांनी हे गाव वसविले, त्याला आपले येथलेपण सिद्ध करण्यासाठी एका विलायती कंपनीच्या नावाचा आश्रय घ्यावा लागला, यातली विसंगती हसू आणणारी आणि करुणही आहे. शेते गेली, कधी रीतसर खरेदीखताने, कधी भूसंपादनाच्या नोटिशीने. उरले ते गावठाण.

आणि गावठाणात उरल्या त्या रीती. लग्नाआधी उंबराची फांदी आणून मांडव सजविणे, वाजंत्रीसह विहिरीवर पाणी आणायला जाणे, या गोष्टी कोणत्याही कोकणी घरात शोभाव्यात अशाच आहेत. चैत्र-वैशाखाच्या उन्हात अंगणांतून चटयांवर मिरच्या, हळकुंडे, धणे, तीळ वाळत पडत. मसाला कुटणाऱ्या बायका घरोघर फिरत, आणि उखळाच्या तालावर त्यांची गाणी चालत. एकेका घराचे प्रमाण निराळे, ते सासूकडून सुनेकडे जाणारे. तयार मसाला बिअरच्या काळपट बाटल्यांत ठासून भरायचा, उजेड लागू द्यायचा नाही. म्हणून तो ‘बाटलीचा मसाला’. शेतावरचा हक्क सुटला, पण त्या बाटलीतील जिन्नसांच्या वजनमापावरची वहिवाट सुटली नाही.

दरम्यान टेकडीवरचे पाहुणे बदलत राहिले. बंगलेवाल्या साहेबामागून पारशी शेठ, त्यामागून फाळणीनंतर सिंधी व पंजाबी व्यापारी, त्यामागून चित्रपटांतील नटनटी. दर वेळी मागून आलेला आधीच्याला जुना रहिवासी समजे. आज किनाऱ्यावरील बँडस्टँडवर एखाद्या नटाच्या बंद फाटकासमोर तासन्‌तास ताटकळणारा खेडवळ तरुण, आणि शंभर वर्षांपूर्वी बग्गीतून उतरून त्याच किनाऱ्यावर वारा खाणारा शेठ, दोघेही वांद्र्याला पाहुणेच. फरक एवढाच की शेठजींना खरेदीखत करता आले.

या पाहुण्यांची खरी गर्दी मात्र भाद्रपदाच्या सुमारास, आठ सप्टेंबरनंतरच्या रविवारी भरणाऱ्या मोतमाउलीच्या जत्रेत होते. टेकडीवरचे मूळचे साधे देऊळ मराठ्यांच्या स्वारीच्या धामधुमीत उद्ध्वस्त झाले आणि मूर्ती पुढे कोळ्यांना समुद्रात सापडली, अशी कथा आहे. आजची वास्तू १९०४ ची. पोर्तुगीज ‘मोंते’ म्हणजे डोंगर. त्याचे मराठी जिभेने ‘मोत’ केले, त्याला माउली जोडली, आणि मेरीला आपल्या देवींच्या पंक्तीत बसविले. चढावर दोन्ही बाजूंना मेणाच्या वस्तूंची दुकाने लागतात. हात दुखत असेल त्याने मेणाचा हात वाहावा, पाळणा हलावा म्हणून मेणाचे बाळ वाहावे. आणि हातापायांच्या जोडीला, बोटभर दार आणि दोन खिडक्या असलेले, उतरत्या छपराचे, मेणाचे घर.

ते घर घेणारे बहुधा टेकडीवरचे नसतात. धारावीतून, परळच्या चाळीतून, नालासोपाऱ्याच्या भाड्याच्या खोलीतून आलेली बाई ते दोन्ही तळव्यांत धरून, गर्दीचा धक्का लागू नये म्हणून छातीशी घेत, वर चढत असते. देशातील अत्यंत महाग घरे तिच्या डाव्या-उजव्या हाताला उभी असतात. तिकडे तिचे लक्ष नसते. तिच्या हातातल्या घराला मात्र, नीट पाहिले तर, रणवारच्या घरासारखेच कौलारू छप्पर असते.