स्नानगृह नूतनीकरण : नळकामाचे नियोजन

जुन्या स्नानगृहाची फरशी, भिंतीच्या लाद्या, नळ आणि कमोड-बेसिनसारखी भांडी बदलण्यापूर्वी पाणी आणणाऱ्या व सांडपाणी नेणाऱ्या नळ्यांची जागा, माप, उंची, ढाळ आणि कामाचा क्रम ठरवणे, म्हणजे नळकामाचे (प्लंबिंगचे) नियोजन. या नोंदीत मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील आरसीसी इमारतींमधल्या सदनिकांचा विचार प्रामुख्याने केला आहे.

नळकामाचा बहुतेक भाग फरशीखाली आणि भिंतीत कायमचा गाडला जातो. सांध्याची किंमत थोडी असते. तो गळू लागला की मात्र लाद्या, कोबा आणि जलरोधक थर फोडावे लागतात. शिवाय गळतीचा पहिला त्रास होतो तो खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाला. त्यामुळे चांगले नियोजन हे शेजाऱ्याप्रती असलेले कर्तव्यही ठरते. त्याचा मूळ नियम असा : आधी सांडपाणी, मग पाणीपुरवठा, शेवटी शोभा. दाबाखालचे पाणी वर, खाली, आडवे कसेही नेता येते. सांडपाणी फक्त उतारानेच जाते.

पाहणी. प्रथम इमारतीचा डक्ट कोठे आहे आणि त्यात मैल्याची, सांडपाण्याची व हवेची (व्हेंट) अशा कोणत्या उभ्या नळ्या आहेत ते पाहतात. नंतर स्नानगृहाचा स्लॅब खोलगट (संकन) आहे की सपाट, याचा शोध घेतात. संकन स्लॅब शेजारच्या खोलीपेक्षा साधारण २०० ते ४५० मिमी खाली असतो. नळ्या त्या खोलगट भागात बसवून वर विटांचे तुकडे, कोबा किंवा हलके ठोकळे भरतात. अनेक जुन्या इमारतींत स्लॅब सपाट असून नहाणी ट्रॅप आणि आडव्या नळ्या खालच्या घराच्या छताखाली लटकतात. अशा ठिकाणी खालच्या शेजाऱ्याची संमती आणि त्याच्या घरातला प्रवेश यांशिवाय काम सुरूच होत नाही. जुन्या जीआय नळ्या आतून गंजून अरुंद झालेल्या असतात. नवे नळ जुन्याच नळ्यांना जोडले तर धार बारीकच राहते, म्हणून मुख्य झडपेपासून पुढची पूर्ण लाइन बदलणे हिताचे असते.

भिंतीही तपासाव्या लागतात. अ‍ॅल्युमिनियम साच्यात (मिवान पद्धतीने) ओतलेल्या अलीकडच्या इमारतींत भिंती आरसीसीच्या असतात. त्यांत झिरी मारणे म्हणजे इमारतीच्या सांगाड्याला इजा करणे. तेथे नळ्या भिंतीबाहेरून नेऊन पुढे पातळ आड-भिंत उभारतात. तुळई आणि खांब कोणत्याही इमारतीत फोडू नयेत. साडेचार इंची विटांच्या भिंतीत लांब आडवी झिरी टाळून नळ्या शक्यतो उभ्या उतरवाव्यात. दोन्ही बाजूंनी एकाच जागी झिरी मारू नये.

सांडपाणी. कमोडसाठी ११० मिमी, फरशीवरील पाण्यासाठी ७५ मिमी आणि बेसिनसाठी ३२ ते ४० मिमी व्यासाची नळी सामान्यतः वापरतात. आडव्या नळीला साधारण ४०ला १ ते ६०ला १ असा ढाळ देतात. ४०ला १ म्हणजे दर मीटरला २५ मिमी उतार. नहाणी ट्रॅप डक्टपासून अडीच मीटर दूर हलवला, तर ढाळासाठीच सुमारे ६३ मिमी खोली लागते. त्यात ट्रॅपची स्वतःची उंची आणि नळीचा व्यास मिळवावा लागतो. हे गणित संकनच्या खोलीत बसले नाही, तर ट्रॅप हलवण्याचा बेत सोडावा किंवा फरशी एक पायरी उचलावी. नळीला वळण द्यायचे तर ९० अंशांच्या एका कोपराऐवजी ४५ अंशांचे दोन वापरावेत. तुंबण्याची शक्यता असेल तेथे झाकण उघडून साफ करता येईल असे तोंड ठेवावे.

कमोडची जागा डक्टजवळच असावी. बाहेर पडणारे तोंड जमिनीकडे (एस ट्रॅप) की भिंतीकडे (पी ट्रॅप), आणि एस ट्रॅप असेल तर तयार भिंतीपासून त्याच्या मध्यापर्यंतचे अंतर किती, हे नळी टाकण्याआधी निश्चित हवे. हे अंतर लादीच्या जाडीसह मोजतात. म्हणून कमोड दुकानात पसंत करून त्याचे मापपत्रक हाती आल्यावरच फरशी फोडावी.

प्रत्येक निर्गमाला ट्रॅप लागतो. त्यातील पाण्याचा सुमारे ५० मिमी खोलीचा अडसर दुर्गंधी आणि झुरळे घरात येऊ देत नाही. व्हेंट नसेल तर वरच्या मजल्यावरच्या फ्लशच्या ओढीने हे पाणी शोषले जाते. घर बरेच दिवस बंद राहिले तरी ते सुकते. फ्लश केल्यावर ट्रॅपमधून गुडगुड आवाज येत असेल, तर नूतनीकरणाच्या वेळीच व्हेंटची तपासणी करून घ्यावी.

पाणीपुरवठा. घरातील मुख्य फाटा २० ते २५ मिमीचा आणि प्रत्येक नळाची शाखा साधारण १५ ते २० मिमीची ठेवतात. आतल्या लाइनसाठी आज सीपीव्हीसी सर्वाधिक प्रचलित असून तिचे भारतीय मानक आयएस १५७७८ आहे. ती ८२° से.पर्यंतच्या गरम पाण्यासाठी बनवलेली असते. यूपीव्हीसी (आयएस ४९८५) केवळ थंड पाण्यासाठी, आणि एसडब्ल्यूआर (आयएस १३५९२) सांडपाण्यासाठी वापरतात. सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचाच सॉल्व्हंट लागतो. ज्या ठिकाणी नळ आटे फिरवून बसतो, तेथे पितळी आट्याचा एल्बो किंवा टी वापरावी; प्लॅस्टिकचे आटे ताणाने तडकतात.

नळ निवडण्याआधी दाब मोजावा. पाण्याच्या १० मीटर उंचीमागे सुमारे १ बार दाब मिळतो. गच्चीवरील टाकीचा तळ गच्चीपासून २ मीटर उंच असेल, तर सर्वांत वरच्या मजल्यावरच्या शॉवरला जेमतेम ३ मीटर उंचीचा, म्हणजे ०.३ बार दाब मिळतो. पाच मजले खालच्या शॉवरला तोच दाब १.८ बारच्या आसपास जातो. मोठ्या छत-शॉवरला किंवा कन्सील्ड डायव्हर्टरला पुरेसा दाब नसेल तर प्रेशर पंप लागतो. त्यासाठी वेगळी लाइन, विजेचा पॉइंट आणि संस्थेची परवानगी आधीच हवी. बोअरचे किंवा टँकरचे पाणी जड असेल, तर क्षार साचून शॉवरची छिद्रे आणि डायव्हर्टरचा आतला भाग अडतो. तेथे उघडून साफ करता येतील अशीच उपकरणे घ्यावीत. स्नानगृहासाठी स्वतंत्र स्टॉप कॉक आणि प्रत्येक भांड्यासाठी अँगल कॉक असला, म्हणजे एका दुरुस्तीसाठी साऱ्या घराचे पाणी बंद करावे लागत नाही.

गरम पाणी. डावीकडे गरम, उजवीकडे थंड हा संकेत सर्वत्र पाळावा. साठवणीच्या गिझरच्या थंड प्रवेशावर उलट प्रवाह रोखणारी झडप लागते, तसेच जादा दाब सोडणारी सुरक्षा झडप लागते. तिचे तोंड कधीही बंद करू नये. गिझरला सीपीव्हीसी थेट न जोडता मध्ये धातूची लवचिक नळी घालतात. भरलेल्या गिझरचे वजन भरभक्कम भिंतीवरच टाकावे. सौर बंब गच्चीवर असेल तर गरम लाइन लांब असल्याने आरंभी बरेच थंड पाणी वाया जाते. लाइन उष्णतारोधक वेष्टनात घ्यावी आणि गिझरशी तिचा जोड आराखड्यातच दाखवावा. गॅस गिझर बंद स्नानगृहात बसवू नये : ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि प्राणघातक असतो.

उंची. सर्व उंची तयार फरशीपासून मोजतात. बेसिनचा काठ सुमारे ८०० ते ८५० मिमी, बेसिनचे अँगल कॉक ५०० ते ५५० मिमी, शॉवरचा हात २००० ते २१०० मिमी अशी मापे रूढ आहेत. घरात वृद्ध किंवा बालके असतील, तर त्यांना बसवून मापे ठरवावीत. आधाराच्या दांड्यांसाठी पक्की भिंत राखून त्या पट्ट्यातून नळी नेऊ नये.

जलरोधन. नळ्या स्लॅबमधून किंवा भिंतीतून जातात तेथील सांधा गळतीचे प्रमुख ठिकाण असतो. तो न आकसणाऱ्या ग्राउटने भरतात. जमीन आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्याला गोलाई (वाटा) देऊन जलरोधक थर भिंतीवर वर चढवतात. संकनच्या तळाशी डक्टात उघडणारी छोटी नळी (स्पाउट) ठेवावी. तिच्यातून पाणी ठिबकू लागले की आत मुरलेले पाणी वेळेत लक्षात येते. फरशीला दर मीटरला साधारण १० ते १५ मिमी ढाळ नहाणीकडे द्यावा आणि पाणसळ लावून तो तपासावा.

चाचणी. झिरी बुजवण्यापूर्वी गरम व थंड लाइन तात्पुरत्या एकत्र जोडून, हवा काढून, हातपंपाने कामाच्या दाबाच्या सुमारे दीडपट दाब देतात आणि काटा उतरतो का ते पाहतात. सॉल्व्हंटचे सांधे वाळल्यानंतरच ही चाचणी घ्यावी. सांडपाण्याच्या नळ्या तोंडे बंद करून पाण्याने भरतात. जलरोधनानंतर संकनमध्ये किमान २४, शक्यतो ४८ तास पाणी साठवून खालच्या घराचे छत पाहतात. चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय पुढच्या कामाची मजुरी देऊ नये.

परवानगी व जबाबदारी. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सामायिक पाणी व मलनिःसारण वाहिन्यांची दुरुस्ती संस्था करते. शौचालय, सिंक इत्यादींमुळे झालेल्या घरातील गळतीचा खर्च संबंधित सदस्याने सोसायचा असतो. म्हणून डक्टमधल्या जोडणीस संस्थेची लेखी परवानगी घ्यावी. खालच्या मजल्यावर जेथे स्वयंपाकघर किंवा झोपण्याची खोली आहे, त्यावर स्नानगृह सरकवू नये.

क्रम. पाहणी, भांड्यांची निवड, मापांचा आराखडा, परवानगी, तोडफोड, सांडपाण्याच्या नळ्या, पाण्याच्या लाइन, दाबचाचणी, जलरोधन, पाणी साठवून चाचणी, भराव, लाद्या, आणि शेवटी भांडी व नळ. यातला एकही टप्पा लाद्यांचा गवंडी रिकामा बसला आहे म्हणून पुढे-मागे करू नये. लाद्या बसण्याआधी प्रत्येक भिंतीची मोजपट्टीसह छायाचित्रे काढून आराखड्यासोबत जपावीत. पुढे आरसा टांगताना छिद्र कोठे पाडू नये आणि गळती झाल्यास कोणती एकच लादी काढावी, हे त्यांवरून कळते. घर विकल्यास ही कागदपत्रे नव्या मालकाकडे सोपवावीत.